‘अ‍ॅब्सोल्यूट पॉवर’ या ब्रिटिश मालिकेत दाखवलंय तसं पीआरमध्ये (जनसंपर्काच्या धंद्यात) खरंच चालतं का?

लोअर परळच्या एका पीआर एजन्सीत सहा वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. चालतं, पण एवढी अक्कल कुणी खर्च करत नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : बीबीसी टूची ही मालिका २००३ आणि २००५ मध्ये आली, दोन सीझन मिळून १२ भाग. त्याआधी ती रेडिओ ४ वर होती. लंडनमधली ‘प्रेंटिस मॅकेब’ ही कंपनी, मालकांच्या भूमिकेत स्टीफन फ्राय (प्रेंटिस) आणि जॉन बर्ड (मॅकेब). फ्रायचा प्रेंटिस कुणाचंही पाप धुऊन द्यायला एका पायावर तयार. त्याचे संवाद ऐकताना मजा येते, पण इतकं मुद्देसूद बोलणारा बॉस मला तरी भेटला नाही.

आमचं निम्मं आयुष्य प्रेस नोटमध्ये गेलं. इंग्रजी नोट मराठी पेपरांसाठी ‘भाषांतरित’ होऊन यायची : ‘ही घोषणा करताना आम्ही रोमांचित झालो आहोत.’ सिमेंटची कंपनी होती हो! उपसंपादक फोन करून हसायचे आणि नोट टोपलीत.

उरलेलं निम्मं फूटपट्टीत. महिनाअखेरीला कात्रणं घेऊन बसायचं, कॉलम सेंटिमीटर मोजायचे, त्याला पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं. वर पुन्हा गुणिले तीन, कारण म्हणे जाहिरातीपेक्षा बातमीवर लोकांचा विश्वास जास्त. तीनच का, हे विचारायचं नाही. या हिशोबाला एव्हीई म्हणतात. २०१० मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत याच धंद्यातल्या लोकांनी जाहीर केलं की एव्हीई ही काही पीआरच्या कामाची किंमत नव्हे. आमच्या सरांनी ते तत्त्व प्रेझेंटेशनमध्ये टाकलं, आणि पुढच्याच स्लाइडवर त्या महिन्याचा एव्हीई.

एकदा एका बिल्डरच्या ऑफिसवर रहिवाशांनी मोर्चा नेला. सहा महिने लिफ्ट बंद, पाणी टँकरचं. मराठी पेपरात पाव पान बातमी, फोटोसकट. बिल्डर आमचाच क्लायंट. प्रेंटिसने त्या रात्री काहीतरी अचाट डाव टाकला असता. आम्ही संपादकांना चार फोन केले, कुणी उचलले नाहीत.

महिनाअखेरीला ते कात्रण बाजूला ठेवलं, तर सर म्हणाले, “धर की, फोटो मोठा आहे.” मोर्च्याचे साडेचार लाख धरले.