खिडकीशेजारून: वाचकांचे विमानप्रश्न

मागच्या अंकात माझ्या विमानवहीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, संपादकांनी पत्रांची पिशवीच घरी पाठवली. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझे वडील नाशिकजवळच्या ओझर मिगला फिटर होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तो कारखाना १९६४ साली मिग-२१ ही लढाऊ विमानं बनवण्यासाठी उभा राहिला आणि आमचं अख्खं बालपण त्या आवाजाखाली गेलं. शाळेवरून विमान गेलं की बाई वाक्य अर्धं सोडून खडू हातात धरून थांबायच्या आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. पुढे मी बँकेत चिकटले. १९८८ साली पहिल्यांदा मुंबई–दिल्ली विमानात बसले आणि त्या दिवसापासून वही ठेवली: तारीख, विमानाचा प्रकार, शेपटीजवळचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी नंबर, सीट. कंपनीचं नाव शेवटच्या रकान्यात, तेही पेन्सिलीने. पेन्सिलीने का, ते पुढे येईलच.

जादा पैसे भरून खिडकीची सीट घेतली. जाऊन बसतो तर शेजारी कोरी भिंत! ही फसवणूक नाही का? (एक वाचक, नाशिक रोड)

तुमचं विमान बोइंग ७३७ होतं, पैजेवर सांगते. त्याच्या पोटात वातानुकूलनाची यंत्रं असतात आणि तिथली हवा छतापर्यंत नेणारे पाइप पंखाच्या जरा पुढे भिंतीतून वर चढतात. पाइपाच्या जागी खिडकी कापता येत नाही. त्यामुळे डाव्या बाजूला, दहाव्या-अकराव्या रांगेच्या आसपास, एका सीटच्या नशिबी भिंत येते. नक्की कोणती रांग ते कंपनीने खुर्च्या कशा मांडल्यात त्यावर ठरतं. माझ्या वहीत २०१८च्या एका पानावर फक्त ‘११ए, भिंत’ एवढंच लिहिलंय. त्या दिवशी बाहेरचं काही दिसलंच नाही, तर लिहिणार काय?

फसवणूक म्हणाल तर, सीट विकताना ‘इथे खिडकी नाही’ एवढं सांगायला काय जातं, असं मलाही वाटतं. भांडून काही मिळत नाही हे अनुभवाने सांगते. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा. ७३७ असेल तर सीटचा नकाशा इंटरनेटवर शोधून मगच पैसे भरा. एअरबस ए३२०ला ही भानगड नाही.

आई ७२ वर्षांची आहे, पहिल्यांदाच विमानात बसणार, नाशिकहून गोव्याला. पण तिकिटावर ‘एटीआर’ आहे, म्हणजे पंख्याचं छोटं विमान. ती म्हणते, “हे जुनाट दिसतंय, मी नाही बसायची.” काय सांगू? (एक वाचक, सिन्नर)

आईंना सांगा, पंखा दिसतो म्हणून विमान जुनं होत नाही. एटीआर ७२च्या इंजिनात जेटसारखंच टर्बाइन असतं. फक्त ते आपली ताकद पंखा फिरवण्यात घालतं. कमी अंतराला त्यात इंधन कमी जळतं, म्हणून नाशिकसारख्या गावाला ते परवडतं. इंडिगो मार्च २०२३ मध्ये नाशिकला आली ती हेच विमान घेऊन, गोवा, अहमदाबाद आणि नागपूरला. ७८ सीटा, दोन्हीकडे दोन-दोन. म्हणजे मधली सीट हा प्रकारच नाही.

आता बारकावे. चढायचं मागच्या दाराने. पुढच्या बाजूला सामान भरतात. त्यामुळे पहिल्या रांगेचं तिकीट मोठ्या ऐटीत काढणारा माणूस सगळ्यांच्या गुडघ्यांना बॅग घासत शेवटपर्यंत चालत जातो, आणि उतरताना सगळ्यात शेवटी उतरतो. शिवाय पंखे पुढच्या रांगांच्या बाजूला असल्याने तिथेच आवाज आणि थरथर जास्त. आईंना मागे बसवा, खिडकीला. पंख वर असतो, खाली दिसायला काहीच आड येत नाही. ओझरहून उठल्यावर निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागा अशा दिसतात की कोणी हिरव्या कंगव्याने जमीन विंचरलीय, आणि मधूनमधून निळी शेततळी. मोठी जेट विमानं ३५ हजार फुटांवर जातात. एटीआर त्याच्या निम्म्या उंचीवरून जातं, त्यामुळे धरणं, घाट, वळणारे रस्ते ओळखू येतात. माझ्या शेजारच्या आजोबांनी एकदा वरून आपल्या मेहुण्याचं शेत दाखवलं होतं. खरं-खोटं देव जाणे.

मधल्या रांगेत बसलात तर चाकं पोटाच्या फुगवट्यातून बाहेर येऊन टेकेपर्यंत डोळ्यांनी दिसतात. धावपट्टीला चाक लागतं तेव्हा रबराचा पांढरा धूर उठतो. मी आजवर तो डोळे न मिटता पाहिलाय, पण दर वेळी पोटात गोळा येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई घाबरतील. जमिनीवर उभं असताना कधीकधी उजवं इंजिन घरघरत असतं आणि त्याचा पंखा मात्र गप्प उभा असतो. बिघाड नाही तो. मोठ्या विमानांच्या शेपटीत वीज आणि थंड हवा पुरवायला एक छोटं इंजिन असतं, ते एटीआरला नसतं. म्हणून उजव्या पंख्याला ब्रेक लावून तेच इंजिन त्या कामाला जुंपतात. याला वैमानिक ‘हॉटेल मोड’ म्हणतात.

पावसाळ्यात धक्के बसतात, हे लपवू नका. कमी उंचीवर उडायचं म्हणजे ढगांच्या मधूनच जायचं, आणि खाली सह्याद्री. आपल्या कसारा घाटातली एसटी आठवायला सांगा. कानात दडे बसतात त्यावर आवळासुपारी. टॉफीपेक्षा ती जास्त वेळ पुरते. वरचे कप्पे लहान असतात, तेव्हा चाकांची मोठी बॅग आधीच काउंटरवर देऊन टाका.

गच्चीवरून रात्री विमानं दिसतात. एअरबस कोणतं, बोइंग कोणतं, हे नुसतं बघून सांगता येतं का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पंचवटी)

येतं, बऱ्याचदा. पंखांच्या टोकाचा पांढरा चमकणारा दिवा बघ. एअरबसचा ‘चमक-चमक, थांब’ असा जोडीने लुकलुकतो, बोइंगचा एकेकदा. नव्या विमानांत थोडं इकडेतिकडे होतं, पण मी अजूनही यावर मैत्रिणींशी भेळेची पैज लावते आणि भेळ बहुतेक मीच खाते. लाल दिवा डाव्या पंखाला, हिरवा उजव्या. म्हणजे विमान येतंय की जातंय तेही कळतं.

दिवसा जवळून बघायला मिळालं तर ७३७चं नाक टोकदार, ए३२०चं गोल. ७३७च्या शेपटीच्या मुळाशी एक त्रिकोणी तुकडा जोडलेला असतो. त्याची मुख्य चाकं आत घेतल्यावरही उघडी राहतात, पोटाला दोन काळ्या बांगड्या चिकटवल्यासारखी, कारण त्यावर झाकणच नाही. इंजिनही खालून चपटं. हे विमान १९६७ साली पहिल्यांदा उडालं, तेव्हा ते जमिनीला टेकेल इतकं बुटकं बनवलं होतं. पुढे इंजिनं जाडजूड झाली, पाय तेवढेच राहिले. मग इंजिनाचं पोट सपाट करावं लागलं.

आणि हे तुला आता बघायला मिळणार नाही, पण ऐकून ठेव: १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सने ए३२० घेतली तेव्हा तिच्या प्रत्येक मुख्य पायाला दोनऐवजी चार चाकं बसवून घेतली होती. आपल्याकडच्या कमजोर धावपट्ट्यांवर वजन वाटलं जावं म्हणून. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “बैलगाडीला ट्रकची चाकं लावली म्हण की.” मिगवाल्यांना प्रवासी विमानांचं कौतुक कमीच.

विमान निघताना पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येत होता. सामानात कोणाचं कुत्रं होतं का? (एक वाचिका, पिंपळगाव बसवंत)

नाही हो! दिल्लीहून येताना माझ्या शेजारी तुमच्याच गावचे एक बागायतदार बसले होते. विमान हलायच्या आधी त्यांनी पाय वर घेतले आणि मला हळूच विचारलं, “ताई, खाली कोण ड्रिल मारतंय?” तो आवाज ए३२० जातीच्या विमानांची ओळख आहे. ब्रेक, चाकं, पंखांच्या झडपा तेलाच्या दाबावर चालतात. एका इंजिनावर एक तेलयंत्रणा, दुसऱ्यावर दुसरी. एकच इंजिन चालू असेल तर एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला पोहोचवणारा एक पंप झटके देत चालतो. तेच ते कुत्रं. म्हणून तो निघताना ऐकू येतो, आणि उतरल्यावर इंधन वाचवायला एक इंजिन बंद केलं तरी. बागायतदारांना मी हे सांगितलं. त्यांनी पाय खाली ठेवले, पण पूर्ण नाही.

खिडकीच्या काचेला खाली बारीक भोक का असतं? (इयत्ता पाचवी, ओझर)

शाब्बास, मोठ्यांच्या लक्षात येत नाही ते तुझ्या आलं. काच एक नाही, थर आहेत. आतल्या हवेचा दाब सगळ्यात बाहेरच्या थराने पेलायचा असतो. भोकामुळे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा राहतो आणि काचेवर वाफही धरत नाही. थंडीत त्या भोकाभोवती बर्फाची नक्षी जमते, ती बघ.

इतक्या कंपन्यांतून फिरलात. सगळ्यात चांगली कोणती? (तिघांनी विचारलंय, म्हणून एकच उत्तर)

आता पेन्सिलीची गोष्ट. इंडियन एअरलाइन्समध्ये उड्डाणाआधी तबकात टॉफी आणि कानात घालायचा कापूस फिरायचा. ती एअर इंडियात मिसळली. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजच्या नाश्त्याला वाफाळता उपमा मिळाला होता, ती एप्रिल २०१९ मध्ये बंद. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. विस्तारा मला मनापासून आवडायची, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात गेली. आपल्या ओझरलाच किती आल्या नि गेल्या! त्यातलं १९ सीटांचं बीचक्राफ्ट तर माझं फार लाडकं होतं. दोन्हीकडे एकेकच खुर्ची, म्हणजे प्रत्येक सीट खिडकीचीही आणि वाटेचीही. कंपनी पेन्सिलीने, विमान शाईने, हा माझा नियम असा पडला.

सेवेबद्दल म्हणाल तर एका कंपनीत एकदा हवाईसुंदरीने माझा चष्मा सीटखाली वाकून शोधून दिलाय. आणि दुसऱ्या एकीने (नाव लिहीत नाही) संध्याकाळचं विमान रद्द केल्याचा मेसेज मी ओझरला पोहोचल्यावर पाठवलाय. रात्री अकराला द्वारका सर्कलवरून ट्रॅव्हल्सची गाडी धरून मी गेले. त्यामुळे कंपनीला मार्क देत नाही, विमानाला देते.

लांबच्या प्रवासाला बोइंग ७८७. विमानातली हवा इतर बऱ्याच विमानांत आठ हजार फुटांवर असल्यासारखी विरळ ठेवतात, म्हणजे सिमल्याहूनही उंच. ७८७मध्ये ती सहा हजार फुटांची असते, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडीशीच वर. हवेत ओलावाही जास्त. २०१५ मध्ये दिल्लीहून लंडनला उतरले तेव्हा घसा कोरडा नव्हता आणि पायात चपला सहज गेल्या, हे मी वहीत अधोरेखित केलंय. फक्त त्या खिडक्या! पडदा नाही, बटण दाबलं की काच निळी होत जाते. भर दुपारी संध्याकाळ. मला पडदा खाडकन वर करायला आवडतो.

एअरबस ए३८०ला मी मुंबईहून दुबईला जाताना बसले. नाकापासून शेपटीपर्यंत दोन मजले, पंखांचा पसारा जवळजवळ ८० मीटर. उठताना वाटतं, हे काही उठायचं नाही. धावतंय, धावतंय, आणि मग कधी उचललं ते कळतही नाही. आत इतकं शांत की चार रांगा पुढचं घोरणं नीट ऐकू येतं. नवी आता बनत नाहीत, शेवटचं डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सला दिलं. बसायचं राहिलं असेल तर जमवा.

मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? (एक निवृत्त कामगार, ओझर मिग)

काका, २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडचा निरोप समारंभ टीव्हीवर पाहिला. आवाज मोठा केला. शेजारच्यांनी दार वाजवलं, तरी कमी केला नाही. वडिलांच्या डब्यातली पकड अजून माझ्याकडे आहे, तिने मी गॅसची नळी घट्ट करते.

ओझर विमानतळावर फोटो काढले तर चालतात का? (एक वाचक, गंगापूर रोड)

धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची, शेजारी लढाऊ विमानांचा कारखाना. मी तिथे मोबाइल पर्समध्येच ठेवते, तुम्हीही ठेवा. टेहळणीला आलोय असं वाटायला नको. वही-पेन्सिलीला मात्र मला आजवर कोणी हटकलेलं नाही.