बग्गीच्या घोड्याची निवृत्ती

प्रश्न : आमचा बग्गीचा घोडा 18 वर्षांचा असून चौथ्या वर्षापासून त्याने गाडी ओढली आहे. हल्ली तो उतारावर अडखळतो आणि सकाळी आखडलेला दिसतो. त्याला कायमचे कुरणात सोडून द्यावे का?

उत्तर : उतारावरचा अडखळा आपण हेरलात, हे फार चांगले झाले. सपाट रस्त्यावर चाके फिरू लागली की ओढण्याचे कष्ट कमी होतात. परंतु उतारावर मागून लोटणारी गाडी थोपवताना सगळा ताण मागच्या पायांवर येतो, आणि कठीण रस्त्यावर वर्षानुवर्षे बसलेल्या हादऱ्यांनी झिजलेले सांधे प्रथम तेथेच बोलू लागतात. पशुवैद्यांकडून पाय तपासून घ्या आणि तोवर उतार व ओझे दोन्ही टाळा.

मात्र निवृत्ती एका दिवसात देऊ नका. रोज चालणारे जनावर एकाएकी ठाणबंद झाले की पायांना सूज येते, स्नायू ओसरतात आणि संधिवात अधिकच आखडतो. पशुवैद्यांनी हरकत घेतली नाही, तर काही आठवडे रिकाम्या हलक्या गाडीला जुंपावे, पुढे नुसते हाताने फिरवावे. काम घटेल तशी चंदीही, म्हणजे दाण्याचा खुराकही, त्याच दिवसापासून घटवावी. विश्रांतीच्या दिवशी पूर्ण चंदी खाऊन दुसऱ्या दिवशी जुंपलेल्या घोड्याचे स्नायू ताठरून तो जागीच खिळतो, हा आजार ओढकामाच्या घोड्यांत जुन्या काळापासून ओळखीचा आहे. कुरणातले कोवळे, रसाळ गवतही हळूहळूच द्यावे. ते एकदम भरपूर मिळाल्यास खुरांच्या आतील थरांना दाह होतो, आणि घोड्याचा सगळा जड देह त्याच खुरांवर उभा असतो.

नाल काढले तरी नालबंद सुटत नाही, कारण खूर वाढतच राहतात व दर सहा ते आठ आठवड्यांनी ते साळावे लागतात. दातही दरवर्षी तपासावेत. तोंडातून अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे पडू लागले, तर भिजवलेला मऊ खुराक सुरू करावा. नीट सांभाळलेले घोडे पंचविशी ओलांडतात, त्यामुळे ही तजवीज बऱ्याच वर्षांची आहे.

आपल्या घोड्याला जोडीदार असेल, तर त्याचा विचार आधी करा. बरोबरीने जुंपलेला सोबती दिसेनासा झाला की घोडा कुंपणापाशी येरझाऱ्या घालतो, खिंकाळत राहतो आणि खाणे सोडतो. दोघांना एकत्र ठेवणे शक्य नसल्यास दुसरा शांत सोबती आधी त्याच्या शेजारी आणून बांधावा, आणि ओळख पटल्यावरच जोडी फोडावी.