गरबा यादीत, मग भोंडला का नाही?

प्रश्न : आमचे घर तांबेकर वाड्याच्या मागल्या गल्लीत आहे. वाडा संरक्षित असल्याने आमचा मोडकळीस आलेला सज्जा दुरुस्त करायलाही परवानगी लागेल, असे कंत्राटदार सांगतो. गरब्यालाही आता युनेस्कोचे संरक्षण आहे म्हणतात. मग आम्हा मराठी घरांतल्या भोंडल्याला ते का मिळू नये?
— एक वाचिका, बडोदे

उत्तर : कंत्राटदाराचे म्हणणे खरे आहे. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा वाडा त्यातील भित्तिचित्रांमुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, आणि १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. असलेल्या घराची दुरुस्ती मात्र सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने होते, तेव्हा अर्ज आधी करावा आणि परांची मग बांधावी.

गरब्याची गोष्ट निराळी आहे. जवळचे चांपानेर-पावागढ २००४ मध्ये जागतिक वारसा ठरले ते युनेस्कोच्या १९७२ च्या, वास्तू-स्थळांसाठीच्या करारान्वये, तर डिसेंबर २०२३ मध्ये गरबा ज्या यादीत गेला ती २००३ च्या, जिवंत परंपरांसाठीच्या करारातली. त्या यादीला १०० मीटरची हद्द नसते, की मोडतोड केली म्हणून दंडही नसतो. सच्छिद्र घटातील दिव्याभोवती पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीत, चालणारा गरबा आणि तिकीट लावून मैदानात कर्ण्यांवर दणाणणारा गरबा, दोन्ही तिला सारखेच. (माझा कौल पोळाकडे, पण तो युनेस्कोला कोण कळवणार!)

भोंडल्याला आडकाठी कोणाचीच नाही. परंतु प्रस्ताव सरकारकडून जावा लागतो, परंपरा आधी देशातल्या नोंदीत असावी लागते आणि ती पाळणाऱ्यांची समजून-उमजून दिलेली संमतीही जोडावी लागते. घरच्या घरी नोंद करून ठेवायला मात्र कोणाची वाट पाहावी लागत नाही. बडोद्यात संध्याकाळी पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून, झाकलेला डबा कानाशी खुळखुळवत खिरापत ओळखणाऱ्या मुली रात्री चणियाचोळी घालून गरब्याला जातात, हे पुण्याच्या भोंडल्यात सापडायचे नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून गाणी चालीसह ध्वनिमुद्रित करून घ्यावीत आणि कोणत्या गाण्यात कोणता गुजराती शब्द शिरला आहे, तेही शेजारी लिहून ठेवावे.