हेल्मेटवर दुसऱ्याचा सिंह

प्रश्न: आम्ही टेक्ससमधल्या एका छोट्या गावात राहतो. मुलगा हायस्कूलच्या फुटबॉल टीममध्ये आहे (आपला नाही, इथला फुटबॉल) आणि मी बूस्टर क्लबची (टीमसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या मंडळाची) खजिनदार. गेल्या महिन्यात एका मोठ्या युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, की तुमच्या हेल्मेटवरचा प्राणी आमचा ट्रेडमार्क आहे, तो काढा. वीस वर्षांपूर्वीच्या कोचने तो लावला होता, त्यांना फोन केला तर म्हणाले छान दिसला म्हणून घेतला! आता तोच जिमच्या फ्लोअरवर, स्कोअरबोर्डवर, बँडच्या ड्रमवर, सगळीकडे. एवढे पैसे कुठून आणायचे? आणि एवढी मोठी युनिव्हर्सिटी शाळेच्या पोरांच्या मागे का लागते? आम्ही काय त्यातून कमावतोय थोडंच. — एक आई, टेक्सस

उत्तर: ताई, आधी शेवटच्या वाक्याचं बघू. कमावत नाही म्हणता आणि खजिनदार तुम्हीच! शुक्रवारी रात्री गेटपाशी टेबल लावून हूडी, टोप्या, कारच्या काचेवरचे स्टिकर विकता की नाही? पैसे मुलांच्या बसलाच जातात, मान्य, पण त्या युनिव्हर्सिटीच्या वकिलाच्या नजरेत ती विक्रीच झाली. पत्र बहुतेक हेल्मेटपेक्षा त्या हूडीमुळेच आलंय असा माझा अंदाज.

तुम्ही एकट्या नाही आहात हेही सांगतो. तुमच्याच टेक्ससमधल्या ब्यूना हायस्कूलच्या कूगर (म्हणजे प्यूमा, डोंगरी सिंह) टीमला पेन स्टेट युनिव्हर्सिटीने सांगितलं होतं की तुमचा कूगर म्हणजे आमच्या टीमचं चिन्ह, निटनी लायन आहे, बदला. फ्लोरिडात पाम बीच गार्डन्स हायस्कूलचे गेटर (म्हणजे मगर), त्यांना युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाने त्यांच्या मगरीवरून हटकलं. आणि कॉलेजच कशाला, फ्लोरिडातल्याच लेक मेरी हायस्कूलच्या मेंढ्याला चक्क क्रायस्लर या मोटार कंपनीने हरकत घेतली, कारण तो डॉज रॅम ट्रकवरच्या मेंढ्यासारखा होता. २०१० च्या सुमारास अशा बातम्या एकापाठोपाठ एक आल्या. उचलाउचल त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती, पण आधी गावातल्या शाळेचं हेल्मेट गावाबाहेर बघणार कोण? मग प्रत्येक शाळेची वेबसाईट झाली, मॅचचे फोटो नेटवर यायला लागले आणि लायसन्सिंगवाल्यांना (लोगो वापरायची परवानगी विकणाऱ्यांना) खुर्चीतून न उठता सगळं दिसायला लागलं.

आता मागे का लागतात. तुमच्या आजोळी शेत असेल तर लगेच कळेल. बांधावरून कोणी जायला लागलं, मालक वर्षानुवर्षं काही बोलला नाही, की पुढे तो माणूस म्हणतो ही माझी वहिवाट आहे. ट्रेडमार्कचंही साधारण तसंच. मालकाने आपल्या चिन्हावर लक्ष ठेवायचं असतं, गप्प बसला तर ते ढिलं पडतं, आणि उद्या कोणी खरा धंदेवाला त्याच सिंहाचे शर्ट छापायला लागला तर तो कोर्टात म्हणणार, साहेब यांनी पन्नास शाळांना वापरू दिलंय, मग माझ्यावरच राग का. म्हणून तुम्हाला पत्र. त्यात या चिन्हांचा बाजारही मोठा आहे, कॉलेजांच्या लोगोंचं लायसन्सिंग बघणारी कॉलेजिएट लायसन्सिंग कंपनी १९८१ पासून आहे, शर्टापासून कॉफी मगापर्यंत प्रत्येक वस्तूवर रॉयल्टी. मला विचाराल तर पोरांच्या टीमला वकिली भाषेत धमकावणं बरं दिसत नाही, आधी एक साधा फोन करता येतो. पण म्हणून त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

गंमत म्हणजे मोठ्यांनीही उचललेलंच आहे. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या हेल्मेटवरचे ते प्रसिद्ध पंख फ्रिट्झ क्रिसलर कोच १९३८ मध्ये तिथे गेले तेव्हा आले, आणि ते आले कुठून तर प्रिन्स्टनहून, तिथे ते १९३५ पासूनच वापरत होते. खरं तर चामड्याच्या हेल्मेटवर पुढे जो जाड तुकडा शिवलेला असायचा त्याचाच तो आकार, यांनी फक्त वेगळ्या रंगात रंगवला, म्हणजे धावणारा आपला खेळाडू लांबून ओळखू येईल. आणि ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक टीमच्या हेल्मेटवरचा G. १९६१ मध्ये त्यांच्या सामानाची व्यवस्था बघणारे ब्रेशर आणि त्यांच्या हाताखालचा सेंट नॉर्बर्ट कॉलेजचा कलेचा विद्यार्थी जॉन गॉर्डन यांनी तो केला. मग १९६४ मध्ये जॉर्जिया युनिव्हर्सिटीला नव्या कोचबरोबर नवं हेल्मेट हवं होतं, त्यांचाही G अंडाकृतीच निघाला, थोडा वेगळा होता तरी त्यांनी पॅकर्सना विचारलं. पॅकर्स हो म्हणाले. ग्रॅम्बलिंग स्टेट युनिव्हर्सिटीही तसाच G वापरते, परवानगीनेच. तुमच्या कोचनी आणि जॉर्जियाने केलं एकच, फरक एका फोनचा.

तर आता तुम्ही काय करायचं. पत्र फाडू नका आणि घाबरून उद्याच्या उद्या स्कोअरबोर्डही उतरवू नका. शाळेच्या वतीने उत्तर स्कूल डिस्ट्रिक्टच्या वकिलाने द्यायचं, तुम्ही बूस्टर क्लबच्या लेटरहेडवर परस्पर काही लिहून बसू नका. उत्तरात दोन गोष्टी मागा. एक, लायसन्स मिळेल का? काही युनिव्हर्सिट्या नाममात्र फी घेऊन शाळेला वापरू देतात, फक्त रंग त्यांचे घ्यायचे नाहीत, विकायचं नाही वगैरे अटी असतात. दोन, ते नाही म्हणाले तर वेळ. हूडी आजपासून बंद, पण बाकीचं जुनं झालं की बदलू, असं मागितलं की बहुतेक जण ऐकतात, शाळेला दिवाळखोर करून त्यांनाही पेपरात यायचं नसतं.

वेळ मिळाला की खर्च बराच कमी होतो. हेल्मेट सीझन संपल्यावर दुरुस्तीला पाठवता ना, तिथे जुने स्टिकर निघतातच, मग नवे लावायचे, वेगळा खर्च फक्त स्टिकरचा. मी न्यू जर्सीत असताना एका शाळेने हे घाईत हाताने करायचं ठरवलं, साठ हेल्मेट, आम्ही पाच-सहा पालक केसांचा ड्रायर घेऊन बसलो होतो, स्टिकर गरम करून नखाने सोलायचा, सिंहाचं डोकं निघालं की शेपूट तिथेच चिकटून राहायची आणि खालचा गोंद बोटांना दोन दिवस. तसं करू नका. जर्सी पाळीपाळीने बदलतातच, नवीन खेपेला नवा लोगो. खरा खर्च जिमच्या फ्लोअरचा. मधलाच गोल घासला तर तेवढाच भाग पांढुरका दिसतो, नीट करायचं तर अख्खं कोर्ट घासून, रंगवून वर कोट मारावा लागतो. पण ते काम काही वर्षांनी तसंही निघतंच, तेव्हासाठी मुदत मागून ठेवा.

आणि नवा प्राणी शाळेच्या आर्ट क्लासकडून काढून घ्या, फक्त मुलं गुगलवरून ट्रेस करत नाहीत ना ते शिक्षकांना बघायला सांगा, नाहीतर दुसऱ्या युनिव्हर्सिटीचं पत्र यायचं. हक्क शाळेच्या नावावर लेखी लिहून घ्या, मुलाच्या आईवडिलांच्या सहीसकट.

प्रश्न: ऐकलंय की दुसऱ्याच्या लोगोत ३० टक्के बदल केला किंवा रंग बदलला की तो आपला होतो. खरं का? — एक विद्यार्थी, कॅलिफोर्निया

उत्तर: नाही. हे ३० टक्के मोजतो कोण, आणि पट्टी कुठे मिळते ते मला पण सांग. शर्ट छापणारे सगळीकडे हेच सांगतात, कुठे २० टक्के, कुठे ३०, आमच्या अप्पा बळवंत चौकातसुद्धा ऐकलंय. कायदा विचारतो की बघणाऱ्याचा गोंधळ होईल का, त्याला वाटेल का की यांचा त्या टीमशी काही संबंध आहे. निळा सिंह लाल केला तरी लोक म्हणणार, अरे हा तर त्यांचाच सिंह, लाल केलाय. आणि खरं तर तुम्हाला तसंच वाटायला हवं असतं, म्हणूनच तर तो उचलला ना!

प्रश्न: आमच्या गल्लीची टेनिस बॉल क्रिकेटची टीम आहे, टी-शर्टवर एका आयपीएल टीमचा लोगो घेतलाय, खाली आमच्या मंडळाचं नाव. अमेरिकेत शाळांना नोटिसा येतात म्हणे, आपल्याकडे पण काही होऊ शकतं का? — सांगली

उत्तर: कागदावर होऊ शकतं. आपल्याकडे १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे, तो मुख्यतः व्यापारात केलेल्या वापराला धरतो, म्हणजे अकरा जणांनी स्वतःचे शर्ट घातले तर तो व्यापार आहे का यावर वकील वाद घालत बसतील. पण लोगो हे चित्रही असतं आणि चित्राला १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो, तिथे आम्ही विकत नव्हतो हो, एवढं म्हणून सुटका होईलच असं नाही. तुमच्या गल्लीपर्यंत कोणी नोटीस घेऊन येईल असं मला वाटत नाही, खरं सांगतो. पण स्पर्धा भरवलीत, बॅनरवर तोच लोगो टाकलात आणि त्याच्या शेजारी ज्वेलर्सची आणि आमदारांच्या शुभेच्छांची जाहिरात घेतलीत, तर गोष्ट बदलली. शर्ट छापणाऱ्याला तर आजच धोका आहे, कारण तो विकतोच.

सांगलीकरांनी दुसऱ्याचा लोगो का घ्यावा हे मात्र मला कळलं नाही. हळदीचं गाव तुमचं, शर्ट पिवळा करा, मधे एक हळकुंड काढा, कोणाची हिंमत आहे नोटीस पाठवायची. छापल्यावर फोटो पाठवा.