शिक्क्याची वाट बघू नका, आधी रिपोर्ट टाका

सर्पिल गॅलेक्सीच्या भुजेवर नवा ठिपका, म्हणजे कदाचित सुपरनोव्हा (फुटलेला तारा), पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाच्या जुन्या फोटोत तिथे काहीच नाही, आणि 'एखाद्या संस्थेने खात्री केल्यावरच जाहीर करू का?' हा तुमचा प्रश्न. तो वाचून जुनं दुखणं वर आलं, म्हणून लिहितोय.

हॉट पिक्सेल (कॅमेऱ्यातला खोटा ठिपका), लघुग्रह वगैरे तुम्ही तपासलंच असणार. त्यात शिरत नाही.

मीही असाच एक ठिपका एका नामवंत संस्थेला (नाव घेत नाही) मेल केला होता. उत्तर नाही. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. मग निरोप आला: क्लबच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह अर्ज पाठवा. शिक्का! तिकडे तारा फुटलाय आणि आमचे अध्यक्ष गावाला, शिक्का त्यांच्या कपाटात. अर्ज पोचेपर्यंत एका स्वयंचलित सर्वेक्षणाने तोच ठिपका नोंदवून टाकला. वर संस्थेचं उत्तर काय, तर 'सदर नोंद यापूर्वीच झालेली आहे.' अजून डोकं फिरतं.

२०१६ पासून अशा ठिपक्यांची अधिकृत नोंद ट्रान्झियंट नेम सर्व्हर या वेबसाइटवर होते. खातं कुणालाही काढता येतं, आणि ज्याचा रिपोर्ट आधी, शोध त्याच्या नावावर. आधी तिथेच ते स्थान शोधून बघा, झेडटीएफ किंवा अ‍ॅटलास या स्वयंचलित सर्वेक्षणांनी गाठलेलं असू शकतं. तो सुपरनोव्हाच आहे याची खात्री करणं तुमचं काम नाही. सुरुवातीला नाव 'एटी'ने लागतं, वर्णपटाने (प्रकाशाचे रंग वेगळे करून) सुपरनोव्हा ठरला की 'एसएन' होतं. त्यामुळे 'चुकलं तर हसं होईल' ही भीती सोडा.

फॉर्ममध्ये लोक अडकतात ते 'शेवटचं कधी दिसलं नव्हतं' या रकान्यात. स्वतःचा जुना फोटो असेल तर त्याची तारीख आणि किती प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) तारे त्यात येतात ते लिहा; नसेल तर पॅन-स्टार्सचा हवाला द्या. वेळ यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत: आपल्याकडे रात्रीचे दोन म्हणजे तिथे आदल्या तारखेचे २०:३०.

तासांना किंमत आहे हो. २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोझारिओत व्हिक्टर बुसो या कुलुपं दुरुस्त करणाऱ्या हौशी निरीक्षकाने एनजीसी ६१३ या गॅलेक्सीचे फोटो काढता काढता एसएन २०१६जीकेजी हा सुपरनोव्हा उजळायला लागतानाच पकडला. त्याने शिक्का शोधला नाही.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही, हे एका हौशी माणसाचं मत समजा. सगळ्या संस्था तशा नसतात, आणि वर्णपट शेवटी बहुतेक वेळा लडाखमधल्या हानलेच्या दोन मीटर दुर्बिणीसारख्या मोठ्या दुर्बिणीतूनच मिळायचा. त्यांना जरूर कळवा, पण रिपोर्ट टाकल्यावर.

जाता जाता: १९१७ ते २०१७ मध्ये दहा सुपरनोव्हा देणारी एनजीसी ६९४६ ही गॅलेक्सी मध्यरात्री वर येते ती नेमकी आपल्या पावसाळ्यात. मेमध्ये पहाटे उठून तिचे फोटो काढून ठेवा. आणि मूळ फिट्स फ्रेम (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) डिलीट करू नका. शार्प केलेल्या जेपेगवरून प्रत मोजता येत नाही.