तारकर्लीला पहिल्यांदाच डॉल्फिन पाहायला जाताना

आपण हिवाळ्यात जात असाल तर उत्तमच, मात्र सकाळची पहिली फेरी घ्या, कारण वारा सुटून पाणी खवळले की इथल्या डॉल्फिनच्या पाठीवरच्या कुबडावर बसलेला तो लहानसा करडा पर लाटांत ओळखू येत नाही.

नवखे लोक दोन चुका हमखास करतात.

- सतत मोबाइलच्या पडद्यात पाहणे. आधी नुसत्या डोळ्यांनी दूरवर नजर फिरवावी.
- नावाड्याला पाठलाग करायला लावणे. हे कृपया कधीही करू नका. इंजिन मंद ठेवून बाजूला थांबल्यास डॉल्फिन पुष्कळदा आपणहून जवळ वर येतात, आणि सोबत पिल्लू असेल तर अंतर राखणे हे आपले कर्तव्यच आहे.

लाइफ जॅकेट घालाच. परतताना किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड शोधा.