व्हॅन घेऊन ब्रिटन फिरायचंय आणि वाटेत आपली माणसंही भेटायचीत

प्रश्न : मी आणि माझे मिस्टर दोघंही रिटायर झालोय, पुढच्या वर्षी महिनाभर ब्रिटनला जायचं चाललंय. मुलगी लेस्टरला, पुतण्या एडिंबराला, मामेबहीण कार्डिफला. कुणाकडे फार दिवस राहायला नको वाटतं म्हणून कॅम्परव्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन) भाड्याने घ्यायचा विचार आहे. मुलगी म्हणते व्हॅन आमच्या दारातच लावा. आपलं लायसन्स चालतं का आणि हे सगळं झेपेल का?

उत्तर : ताई, नक्की झेपेल, फक्त दारात व्हॅन लावायचं तेवढं डोक्यातून काढा. तिकडे बऱ्याच घरांसमोर जेमतेम एका कारची जागा असते, रस्त्यावर कितीतरी ठिकाणी परमिट लागतं, आणि मुख्य म्हणजे आईबाबा दारात आलेत म्हटल्यावर कुठली मुलगी त्यांना व्हॅनमध्ये झोपू देईल, म्हणजे तुम्ही घरात आणि व्हॅनचं भाडं चालूच. त्यापेक्षा घरापासून अर्ध्या तासावरची कॅम्पसाइट, म्हणजे व्हॅन किंवा तंबू लावून राहायची भाड्याची जागा, बुक करा आणि शनिवार-रविवारी त्यांनाच तुमच्याकडे बोलवा. मला यातली खरी गंमत हीच वाटते, कारण नातेवाईकांकडे गेलं की ते रजा काढतात, आपल्यासाठी धावपळ करतात, आणि आपल्याला पाहुण्यासारखं बसून राहावं लागतं, इथे चहा तुम्ही ठेवणार, नातवंडं बाहेर गवतावर खेळणार आणि लेकीला एक दिवस आयतं जेवण मिळणार.

फोडणी मात्र व्हॅनच्या आत देऊ नका. गादी शेगडीपासून दोन हातांवर असते, एकदा हिंग-मोहरी तडतडली की वास चार दिवस पांघरुणातून जात नाही, शिवाय स्मोक अलार्म कोकलतो तो वेगळाच. बाहेर ऑनिंगखाली (व्हॅनच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताखाली) छोटी शेगडी मांडा, पण पाऊस आला म्हणून पेटती शेगडी आत घेऊ नका, कोळशाची तर विझत आलेलीसुद्धा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यात जीव जातो.

लायसन्सचं म्हणाल तर व्हिजिटर म्हणून गेल्यावर आपलं कारचं भारतीय लायसन्स १२ महिने चालतं, गाडी ३.५ टनांपर्यंतचीच घ्या. वयाची अट प्रत्येक भाड्याच्या कंपनीची वेगळी, काहींची वरचीही मर्यादा असते, म्हणून आधी ते विचारा आणि मग तिकिटं काढा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, वेग मैलांत, आणि वेल्समध्ये २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २० ची मर्यादा आहे, कार्डिफला जाताना मिस्टरांना आठवण करा. व्हॅनची उंची फूट-इंचात चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, पुलांवर तशीच लिहिलेली असते, आणि कार पार्कच्या तोंडाशी उंच गाड्या अडवणारी आडवी दांडी दिसली की आधी थांबा.

लंडनला व्हॅन नेऊच नका. आधी दोन दिवस ट्यूबने, म्हणजे तिथल्या मेट्रोने फिरा, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघा (१९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते, २०१५ ला महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं), आणि मग लंडनबाहेरून व्हॅन घ्या. लेस्टर ते एडिंबरा साधारण ३०० मैल, एका दमात करू नका, मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये केसविकला दोन रात्री राहा, पण फोनवरचा नकाशा हार्डनॉट पास या घाटाकडे वळवायला लागला तर ऐकू नका, तिथला चढ १:३ चा आहे, म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर. आणि शक्यतो मे-जूनमध्ये जा, मेचा शेवटचा आठवडा सोडून, कारण तेव्हा इंग्लंडातल्या शाळांना सुट्टी असते आणि साइट भरलेल्या असतात.

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये म्हणे कुठेही मुक्काम करता येतो, मग कॅम्पसाइटला पैसे कशाला द्यायचे?

उत्तर : ते तंबूवाल्यांसाठी आहे हो. २००३ च्या कायद्याने तिथे मोकळ्या जागी जायचा, तंबू टाकायचा हक्क दिलाय, पण मोटारगाड्या त्यात येत नाहीत, म्हणजे व्हॅनला जागेच्या मालकाची परवानगी हवीच. लॉक लोमंड तलावाच्या काठच्या काही भागांत तर मार्च ते सप्टेंबर तंबूलाही परमिट लागतं. आणि वर हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, एकाच गाडीपुरते अरुंद रस्ते लागले तर पासिंग प्लेस (समोरच्याला वाट द्यायला कडेला केलेली रुंद जागा) डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा म्हणजे समोरचा तिच्यातून निघून जाईल. मागे गाड्या साठल्या तर त्यांनाही असंच पुढे जाऊ द्या, तिथल्या लोकांना कामाधंद्याला जायचं असतं. मुक्काम मात्र पासिंग प्लेसमध्ये कधीच नाही.